मिशीला लागलेली पिठी

विकास नगर, लखनौ
१४ नोव्हेंबर २०१०

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तो कागदावरच घे, कारण माझा गुडघा आता एवढ्या खाली जायला तयार नाही. दाजींनाही नमस्कार सांग, आणि त्यांच्या खोकल्याला म्हणावं, आता पुरे.

तुझं पत्र परवा मिळालं. आपल्या घरात फोन फक्त निकाल आणि निधन यांच्यासाठी, ही अण्णांची शिस्त तू अजून पाळतेस, छान वाटतं. पण काय गं, सगळं पत्र रुचाच्या अक्षरात आणि खाली 'ताई' एवढीच वाकडी सही! चष्मा हरवलास, की सून आल्यावर तिला कारकून नेमलंस? मागच्या वेळीही हेच. तुझं ते टपोरं अक्षर बघायची सवय आहे मला. पुढच्या वेळी स्वतः लिही, दोन ओळी का होईना.

रुचाला वीणाकडून पुरणपोळी शिकायची आहे म्हणे. अगं, तुझ्यासारखी सासू घरात बसलेली असताना तिला लखनौहून टपालानं शिकायची वेळ यावी? असो. वीणाला विचारून लिहितो. वीणा म्हणते, डाळ शिजली की तिच्यातलं पाणी पूर्ण निथळू द्यायचं, घाई करायची नाही. गूळ घातल्यावर पुरण सैल होतंच, तेव्हा घाबरायचं नाही, कडेनं सुटेपर्यंत आटवायचं आणि मधोमध उलथनं उभं राहतंय का ते बघायचं. कणीक पुरणापेक्षा मऊ हवी. पोळी फुटते ती नव्वद टक्के वेळा कणीक घट्ट असल्यामुळे, आणि माणसं दोष देतात पुरणाला! इथला गूळ फार खारट, म्हणून वीणा तो आधी चाखूनच घेते. वीणाला या विषयावर बोलायला लावलं की ती थांबत नाही, म्हणून मीच थांबतो.

माझी सिक्युरिटी कन्सल्टन्सी उत्तम चालली आहे. वीणाचं काम तर विचारूच नकोस. पाण्यातल्या विषारी द्रव्यांवर त्यांच्या संस्थेत मोठं संशोधन चाललंय आणि ती गटप्रमुख झालीय. सकाळी साडेआठला जाते ती सातला येते. घर कसं चालतं म्हणशील, तर चालतं.

आता खरी बातमी. आपली सावनी सिनेमा काढतेय! मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाला एक छोटा सिनेमा करावा लागतो. हिच्या गटानं थ्रिलर घेतलाय, वीस मिनिटांचा. दिग्दर्शक आपली सावनी आणि कॅमेऱ्यावर जुन्या लखनौतल्या चौक भागात राहणारा फराज. पोरगा हुशार, पण त्यानं लिहिलेली पहिली गोष्ट ऐकून मी सोफ्यावरून पडायचा राहिलो. एक मुलगी पांढरा ड्रेस घालून अंधारात पळतेय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पळतेय आणि किंचाळतेय. सावनी म्हणाली, "यार फराज, वो भागती क्यों है? उसके हाथ में मोबाइल है, फ़ोन कर ले!" फराज डोकं खाजवून म्हणाला, "थ्रिलर में लड़की भागती है." यावर आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला आणि तेवढ्यात डबाभर चकल्या संपल्या.

शेवटी नवी गोष्ट सावनीनं लिहिली. एका कोचिंग क्लासचा मालक रात्रीचा डबा खाऊन मरतो. डब्यात गोड पोळी, पोळीत विष. समोरच्या घरातल्या मुलीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त दोन हात पाहिलेले असतात, हिरव्या बांगड्या घातलेले, पोळी लाटणारे. पोलीस त्या हातांची बाई शोधत शहरभर फिरतात. सिनेमाचं नाव 'पलेथन'. म्हणजे पोळी लाटताना आपण जी पिठी लावतो ना, तिला इकडे पलेथन म्हणतात. खिडकीच्या कठड्यावर ती सांडलेली सापडते, म्हणून.

पोरांनी आमच्यातही भूमिका वाटल्या. मला बघताच फराज म्हणाला, "अंकल की मूँछें देखो! इन्स्पेक्टर मिल गया." वीणाला म्हणाला, "आंटी माँ बनेंगी, किचन में." विषावर जिनं वीस वर्षं घालवली तिला विचारावं की नाही, 'आंटी, कौन सा ज़हर ठीक रहेगा?' नाही! तिला म्हणे रडायचंय आणि हलवा ढवळायचाय. वीणानं आपणहून सांगितलं की तुमच्या गोष्टीतल्या विषाला एवढा वास येतो की गुळात काय, अत्तरातसुद्धा लपणार नाही, तेव्हा सगळे वह्या काढून बसले.

माझा इन्स्पेक्टर मात्र पडला. "कहाँ थी तुम उस रात?" एवढंच दरडावायचं होतं. मी दरडावलं की संशयित झालेली मुलगी हसायची, ती हसली की मला हसू यायचं. वीस वर्षं एअर फोर्समध्ये इंजिनं दुरुस्त केली गं, कुणाला दरडावायचा प्रसंगच आला नाही. शेवटी ती भूमिका एका किडकिडीत मुलाला दिली.

हातांचं शूटिंग आमच्याच स्वयंपाकघरात झालं. वीणाचे हात घेतले. तू तिला दिलेली हिरवी साडी आहे ना, चार वर्षांपूर्वी इथे आलीस तेव्हा तिच्या पुरणपोळीवर खूश होऊन दिलेली, तिचा पदर सिनेमात दिसणार आहे. हात फार सुंदर आलेत. सगळे म्हणाले.

बस, आता थांबतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली. वीणा बघेलच, पण मीही बघतो.

तुझा
नंदू


विकास नगर, लखनौ
२३ जानेवारी २०११

प्रिय ताई,

नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ पोचला का? इथे धुकं एवढं की समोरच्या शर्मांचं घर सकाळी दहापर्यंत नसतंच. दूधवाला आधी ऐकू येतो, मग दिसतो. गाजरं उत्तम आलीत, वाटाणा स्वस्त आहे, पुदिना मात्र महाग...

पाल्हाळ पुरे. ताई, पाणी पिऊन ये आणि बस. रुचा वाचून दाखवत असेल तर तिलाही बसव.

ते हात वीणाचे नाहीत. माझे आहेत.

झालं असं. शूटिंगच्या दिवशी आधी सावनीची एक मैत्रीण लाटायला बसली. कणीक तिच्या कोपरापर्यंत गेली. मग वीणा बसली. ताई, वीणाला पोळी येत नाही. कधीच आली नाही. तिची पहिली पोळी फाटली, दुसरी पोळपाटालाच चिकटली, आणि ती शांतपणे म्हणाली, "मला हे जमत नाही, हे या घरातल्या भिंतींनासुद्धा माहीत आहे." दिवे तापलेले, फराज कॅमेरा धरून घामाघूम, पुरण वाळत चाललेलं. पुरण वाळताना मला बघवत नाही गं! मी तिला म्हटलं, सरक. लाटी घेतली, पुरण भरलं, तोंड बंद केलं आणि लाटली. एक, दोन, तीन. चौथी तव्यावर टाकली तेव्हा लक्षात आलं की सगळे माझ्याभोवती गोळा झालेत. फराज म्हणाला, "अंकल, आप... आप तो प्रोफेशनल हैं." आणि सावनी माझ्या हातांकडे टक लावून बघत होती. ती लहान असताना गोष्ट ऐकताना बघायची तशी.

पुढचं ऐकून घे. माझ्याच दाढीच्या वस्तऱ्यानं वीणानं माझे हात कोपरापर्यंत साफ केले. "वळवा. आता तसे वळवा," असं म्हणत अगदी प्रयोगशाळेतल्यासारखी गंभीर. तुझी हिरवी साडी शर्टावरून गुंडाळली. राहिल्या बांगड्या. घरातल्या एकही चढेना, तेव्हा फराज मला स्कूटरवर बसवून चौकात घेऊन गेला. अरुंद गल्लीतलं बांगड्यांचं दुकान, चिकनकारीचे कुर्ते घ्यायला आलेल्या पाच-सहा बायका बसलेल्या, आणि मध्ये हा तुझा भाऊ, मिशीवाला, हात पुढे करून! बायका पदर तोंडाला लावून खुसखुसत होत्या. बांगड्या भरणाऱ्या म्हाताऱ्या खाला, म्हणजे मावशी, मात्र जराही हसल्या नाहीत. सगळ्यात मोठं माप काढलं, हाताला साबण लावला आणि म्हणाल्या, "हाथ ढीला छोड़िए, भाई साहब. आप लड़ने थोड़े ही आए हैं." मी ढिला सोडला. सटासट चढल्या.

आणि तुला सांगतो, रिक्षाच्या घंटांमध्ये, त्या गर्दीत, हात किणकिणवत परत येताना मला अण्णांचं वाक्य आठवलं. क्रिकेट हरलो, झाडावरून घाबरून उतरलो, आई गेली तेव्हा रडलो, की ते म्हणायचे ना, "हातात बांगड्या भरल्यास काय रे?" भरल्या, अण्णा. हिरव्या. मस्त वाजतात.

तर हे एक. दुसरं असं की कन्सल्टन्सी वगैरे काही नाही. दूध उतू जाऊ नये एवढीच सिक्युरिटी मी बघतो. पेन्शनवर आलो तेव्हा वीणाचं काम वाढलं होतं, सावनी शाळेत होती, आणि घरात कुणीतरी लागत होतं. पहिल्या आठवड्यात खिचडी केली. महिन्याभरात आमटीला फोडणी देताना शीळ घालायला लागलो. मग मला कळलं की मला हे आवडतं. नुसतं निभावतो असं नाही, आवडतं! बाजारात जाऊन वांगी निवडणं, कणीक तिंबणं, सावनीनं शेवटचा घास पोळीच्या तुकड्यानं पुसून खाल्लेला बघणं. पण नातेवाईक विचारायला लागले, "हल्ली काय करतोस?" आणि माझ्या तोंडून कन्सल्टन्सी बाहेर पडली.

तू आलीस त्या आठवड्यात तर आम्ही घरात नाटक कंपनीच चालवली. मी पहाटे उठून सगळं करून ठेवायचो, आणि तुझ्या खोलीचं दार वाजलं की वीणा उलथनं घेऊन शेगडीपाशी उभी! "आता मी काय ढवळू?" असं मला डोळ्यांनी विचारायची. तू पुरणपोळी खाऊन दाजींना म्हणालीस, "शास्त्रज्ञ असून हाताला काय चव आहे!" आणि साडी दिलीस. मी दाराआड उभा राहून ऐकलं. छाती फुगली होती आणि तोंड बंद होतं.

एवढं सगळं आज का सांगतोय, ते आता ऐक.

सिनेमा अर्धा जोडून सावनीनं त्रिपाठी सरांना दाखवला. सर तिचे मार्गदर्शक. तुझ्या भावाचे हात पडद्यावर आले आणि सर हेलावून गेले. म्हणाले, "देखिए, ये ममता है. ये हाथ सिर्फ़ एक माँ के हो सकते हैं." सावनी आणि फराज एकमेकांच्या पायावर पाय देत हसू दाबत राहिले. पण पुढे सर म्हणाले, गोष्टीचा शेवट बदला. ज्या हातांत एवढी माया आहे ते विष घालणार नाहीत. खुनी गोष्टीतली ती दुसरी संशयित मुलगी करा, केस कापलेली, रात्री उशिरा घरी येते ती. आणि आई शेवटी तिला रडत रडत माफ करेल.

सावनी घरी आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघरात. "पापा, या तो देवी या चुड़ैल! बीच में कोई औरत होती ही नहीं क्या?" मी कोथिंबीर निवडत होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं, आणि मला तिथेच कळलं की आता आपलं काही खरं नाही.

तिचा नवा शेवट असा. पोलीस सगळ्या बायकांना छळून थकतात. शेवटच्या दृश्यात पुन्हा तेच हात, त्याच बांगड्या, तीच पोळी. कॅमेरा हळूहळू वर चढतो. मनगट, कोपर, हिरवा पदर, आणि मग मिशी, पिठी लागलेली. खुनी तो डबा पुरवणाऱ्या मेसचा मालक! त्यानं बांगड्या मुद्दाम घातलेल्या असतात, कारण त्याला पक्कं ठाऊक असतं की लाटणाऱ्या हातांवरून कुणी पुरुषाला शोधणार नाही. अख्खी गोष्ट त्या एका दृश्यावर उभी. ते नसेल तर सरांचा शेवट घ्यायचा किंवा सिनेमाच नाही.

मी नाही म्हटलं. हात दिले तेवढे पुरे, तोंड देणार नाही. दोन आठवडे नाही म्हणत राहिलो. फराजची माफी मागितली, त्याला कबाब खायला घातले, पण नाही ते नाहीच. सावनीला वाटलं, मी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना भितोय. एअर फोर्समधल्या मित्रांना भितोय. खरं सांगू? त्यांना मी गुंडाळून ठेवलं असतं. मला एकच तोंड दिसत होतं, तुझं. सिनेमा झाला की तू बघणार, आणि तुझा फौजी भाऊ, ज्याचा युनिफॉर्ममधला फोटो तू देवाशेजारी लावलायस, तो साडी गुंडाळून पोळ्या लाटताना तुला दिसणार.

मग एका संध्याकाळी वीणानं कपाटातून ती साडी काढून माझ्यापुढे ठेवली. "चार वर्षांत एकदाही नेसले नाही. ताईंनी ती पोळीला दिली होती, आणि पोळी माझी नव्हती," म्हणाली. आणि सावनी, जी जन्मापासून आमच्या मराठीला हिंदीतच उत्तर देते, ती माझ्याजवळ येऊन बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही लाजता? माझ्या डब्याला लाजता?"

ताई, दहा वर्षं त्या पोरीचा डबा मी भरला. तिच्या मैत्रिणी मधल्या सुट्टीत तो पळवायच्या. 

हो म्हणालो. येत्या शनिवारी शूटिंग आहे. पडद्यावर दिसण्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र.

आणि एक आठवण, म्हणजे सगळा दोष माझ्या एकट्यावर यायला नको. मला लाटायला कुणी शिकवलं? आई आजारी होती त्या वर्षी तू बारा वर्षांची होतीस. पाटावर उभी राहून पोळ्या करायचीस आणि मला शेजारी घ्यायचीस. अण्णांची सायकल वाजली की पदर नसायचा, म्हणून परकराच्या टोकानं माझ्या गालावरची, सदऱ्यावरची पिठी झटकून टाकायचीस आणि हातात पाढ्यांचं पुस्तक द्यायचीस. आठवतं ना?

रागावलीस तर लिही. नाही रागावलीस तरी लिही. स्वतःच्या अक्षरात.

तुझाच, मोठ्या मापाचा,
नंदू


विकास नगर, लखनौ
६ मार्च २०११

प्रिय ताई,

नमस्कार. काल तुझा फोन ठेवल्यावर लक्षात आलं, बोलायचं ते बोललोच नाही. म्हणून आज लिहायला बसलोय. वीणा आत खिचडी करतेय. हो, वीणा. वास बरा येतोय, प्रार्थना चालू आहे.

आधी समारंभाचं सांगतो, कारण फोनवर ते राहूनच गेलं. विद्यापीठाचा हॉल भरला होता. पहिला सिनेमा दुसऱ्या गटाचा, हॉस्टेलमधल्या भुताचा, त्यात एक मुलगी पांढरा ड्रेस घालून पळत होती. फराज माझ्या कानात म्हणाला, "अंकल, मेरी स्क्रिप्ट!" मग आपला. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पळता येईल अशा बेतानं बसलो होतो. हात दिसले की पुढच्या रांगेतल्या बायका हळहळायच्या, "कितने सुंदर हाथ हैं." कॅमेरा वर चढायला लागला तेव्हा मी डोळे मिटले.  आणि मग असा हशा, अशा टाळ्या! पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मी डोळे उघडले तर पडद्यावर मी, मिशीला पिठी, आणि तोंडावर समाधानी हसू. खुनी माणसानं एवढं खूश दिसू नये, पण सावनी म्हणते, तेच तर भयंकर आहे.

दिवे लागल्यावर त्रिपाठी सर आले. आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग मिशीकडे. म्हणाले, "मगर भाई साहब, लगते तो माँ के ही हैं." सावनी म्हणाली, "सर, पापा के हैं, तो पापा के ही लगते हैं." सर मान हलवत बसले, आणि मग खरंच मोकळेपणानं हसले. माणूस वाईट नाही गं. नंतर मला कोपऱ्यात घेऊन पुरणाची कृती विचारली. पहिलं बक्षीस पांढऱ्या ड्रेसला गेलं, दुसरं आपल्याला. फराज दोन दिवस रुसला. सावनी नाही. ती शेवटची नामावली पुन्हा पुन्हा लावून बघते. तिथे लिहिलंय, 'हाथ और चेहरा: नंदकुमार'.

आता कालचं.

फोनवर तुझा आवाज ऐकून मी आधी विचारलं, "कोण गेलं?" तू म्हणालीस, "कुणी नाही. तू पाठवलेली सीडी बघितली. नंद्या, तिसरी पोळी कडेला जाड राहिलीय." माझा जीव भांड्यात पडला. मग आपण दोघं जे हसलो! दाजी म्हणे सीडी दोनदा लावून घेऊन म्हणाले, "हा साला तर आपल्यापेक्षा कामाचा निघाला." मी हसतच होतो आणि तुझं हसणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

"नंद्या, माझी बोटं मिटत नाहीत रे," म्हणालीस. "दोन वर्षं झाली. लाटणं धरता येत नाही, पेन धरता येत नाही."

मग सगळं सांगितलंस. रुचा ऑफिसातून येताना पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणते. तू त्या आपल्या डब्यात घालतेस, वरून तूप लावतेस, कापडात गुंडाळतेस. दाजी पहिला घास घेऊन रोज म्हणतात, "मालिनीच्या हाताची सर कुणाला नाही." आणि तू मान हलवतेस. पुरणपोळी तर रुचाला दाखवताच येईना, म्हणून लखनौला पत्र. ताई, मी त्या पत्रावर विनोद केला. कारकून नेमलास म्हणालो. मला काय माहीत!

आणि मग ते म्हणालीस, हळू आवाजात, जे रात्रभर माझ्या डोक्यात फिरतंय. "लाटणं सुटलं तर बाईचं घरात राहिलं काय?"

त्याचं उत्तर आता देतो. ऐक. मी लाटणं हातात घेतलं तर माझ्यातलं काही कमी झालं नाही, हे तू काल मला सांगितलंस. सीडी बघून, दाजींच्या शेजारी बसून, हसून सांगितलंस. मग तुझ्या हातातून ते सुटलं तर तुझ्यातलं काय कमी होईल? तू पोळ्या लाटायचीस म्हणून माझी ताई नव्हतीस. आई गेल्यावर रात्री माझ्या अंगावर पांघरूण कोण ओढायचं, ते मला आठवतं. त्यात पोळीचा काही संबंध नव्हता.

बघ, आपण दोघं किती येडे! मी पोळ्या करतो म्हणून लपवत होतो, तू करत नाहीस म्हणून लपवत होतीस. इकडे वीणा उलथनं धरून उभी, तिकडे तू तुपाची वाटी धरून. अण्णा असते तर तिघांनाही ओळीनं उभं केलं असतं.

तर आता हुकूम. होळीला मी येतोय. पुण्यापर्यंत गाडी, पुढे एसटी, सणाच्या दोन दिवस आधी पोचतो. सावनी येतेय, फराजही येतोय, त्याला सांगली बघायचीय आणि कॅमेरा तो सोडत नाही. वीणा तुझी साडी घेऊन येतेय. परत द्यायला नव्हे, नेसायला. तिला मी सांगितलं, पोळी तुझी नव्हती, पण पोळी करणारा तुझा आहे, नेस खुशाल. तीही लाजली गं, लग्नात लाजली होती तशी.

डॉक्टरांकडे मी स्वतः तुला घेऊन जाणार. 'वयच झालं' वगैरे ऐकणार नाही.

काल तुझ्या फोननंतर मी चौकात गेलो होतो. खालांनी ओळखलं. "फिर चूड़ियाँ?" म्हटलं, या वेळी बहिणीसाठी, सांधे सुजलेत, मोठं माप द्या. तू म्हणालीस ना, दोन वर्षं हात नुसते आहेत, बांगड्या चढतच नाहीत? माझ्या हातात चढल्या त्या तुझ्या हातात चढणार नाहीत म्हणजे काय! साबण मी लावतो. तू फक्त हात ढिला सोड. आपण लढायला थोडेच बसणार आहोत.

होळीच्या दिवशी तू पाटावर बस, दाजींच्या शेजारी, ताट पुढे घेऊन. डबा नको, कापड नको. गरम पोळी सरळ तव्यावरून तुझ्या ताटात. त्याच वेळी तू दाजींना सगळं सांग. धीर होत नसेल तर मी आतून भांडं आपटतो, मग सांग. ते रागावणार नाहीत, आणि रागावले तर त्यांना पुरण वाटायला बसवू.

आणि लाटताना माझ्या गालाला, मिशीला पिठी लागेल. दाराशी कुणाचीही सायकल वाजू दे, ताई, या वेळी झटकू नकोस.

तुझा
नंदू